समुद्राकाठच्या रस्त्यावर एक दिवस: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची, एका बाजूला समुद्र ठेवून निघायचं आणि आवडेल तिथे थांबायचं. यात आखण्यासारखं काय असणार, असं वाटतं. तरीही नवखी मंडळी संध्याकाळी दमूनभागून परततात आणि हव्या त्या निम्म्या जागा राहून गेलेल्या असतात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: दिवस नकाशा बघून आखलेला असतो. कुठे जायचं ते नकाशा सांगतो. कधी जायचं ते मात्र पाणी, ऊन आणि वारा ठरवतात. सकाळी सातला जिथे लांबरुंद ओली वाळू असते, तिथे दुपारी एकला कड्याच्या पायथ्याशी नुसत्या लाटा आपटत असतात. म्हणून इथे आधी वेळेचं सांगतो, रस्त्याचं त्यानंतर.

लेख चारचाकी धरून लिहिला आहे, स्वतःची असो की भाड्याची. जगात कुठेही गेलात तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

टप्पा लहान ठेवा

मॅपवर ११० किलोमीटर दिसले की दोन तासांचं काम वाटतं. हायवेवर ते खरंही असतं. किनाऱ्याचा रस्ता मात्र प्रत्येक खाडीला वळसा घालतो, प्रत्येक भूशिरावर चढतो आणि पुन्हा उतरतो. त्यात पुढे सायकलस्वारांचा घोळका नाहीतर लांबलचक कॅराव्हॅन असते. ताशी सरासरी ४० किलोमीटर पडले तरी खूप झालं. मॅपवरचा वेळ दीडपट करा आणि तोच खरा माना.

हिशेब असा घाला. किनाऱ्याचे १०० ते १२० किलोमीटर म्हणजे चाकामागे तीन तास. दीड-दीड तासाचे तीन मोठे थांबे, म्हणजे साडेचार तास. पंधरा-वीस मिनिटांचे पाच छोटे थांबे, म्हणजे दीड तास. जेवणाला एक तास. दहा तास इथेच भरले, आणि यात परतीचा प्रवास धरलेलाच नाही. यादीत सात मोठी ठिकाणं असतील तर चार आत्ताच, घरी बसून खोडा. रस्त्यात खोडायला गेलात तर गाडीत भांडणं होतात.

प्रसिद्ध रस्त्यांच्या नावांना भुलू नका. आयर्लंडचा वाइल्ड अटलांटिक वे सुमारे २,५०० किलोमीटरचा आहे. स्कॉटलंडच्या नॉर्थ कोस्ट ५०० मधले ५०० हे मैल आहेत, किलोमीटर नव्हेत. ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड त्यामानाने आटोपशीर, पण तोही २४३ किलोमीटरचा, आणि एका दिवसात जाऊन-येऊन करायचा म्हटला तर डांबरच जास्त बघून होतं. अशा रस्त्याचा एखादा तुकडा, एखादं द्वीपकल्प निवडा. उलट नॉर्वेचा अटलांटिक रोड, १९८९ साली खुला झालेला, जेमतेम ८.३ किलोमीटरचा आहे. बेटाबेटांवरून जाणारे ८ पूल. न थांबता गेलात तर दहा मिनिटांत संपेल, पण नीट बघायला अर्धा दिवसही कमी पडतो. किलोमीटर मोजून सहल मोठी होत नाही हे ज्याला पटलं, त्याचं निम्मं नियोजन तिथेच झालं.

आणखी एक गोष्ट याच वेळी ठरवा: किनाऱ्याने जायचं आणि परत येताना आतला सरळ रस्ता धरायचा. तीच वळणं काळोखात, थकलेल्या डोळ्यांनी पुन्हा पार करण्यात काही मजा नाही. समुद्र तर तेव्हा दिसतही नाही.

कोणत्या टोकापासून सुरुवात

याचा विचार फारसा कोणी करत नाही आणि दिवसभर त्याचा फरक पडत राहतो. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचा नियम असेल, तर समुद्र डावीकडे राहील अशा दिशेने जा. उजव्या बाजूने चालवायचा नियम असेल, तर समुद्र उजवीकडे ठेवा. म्हणजे तुमची लेन समुद्राला लागून येते. व्ह्यू पॉइंट दिसला की समोरून येणारी वाहनं न ओलांडता आत शिरता येतं आणि तितक्याच सहज बाहेरही पडता येतं. आडव्या रहदारीतून वळण्याचा धोका दिवसातून दहा वेळा टळतो.

बेटाला किंवा द्वीपकल्पाला फेरी मारायची असेल तर हाच हिशेब असा होतो: डाव्या बाजूने चालवणाऱ्या देशात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरा, उजव्या बाजूच्या देशात उलट.

याला अपवाद दोन. गाडीत कुणाला उंचीची भीती असेल, तर कड्याच्या काठाची लेन त्यांचा जीव खाते. अशा वेळी डोंगराला चिकटलेली लेन बरी, मग दिशा उलटी करा. दुसरा अपवाद मोठ्या बसगाड्यांचा. अरुंद रस्त्यांवर समोरासमोर अडकायला नको म्हणून सहलीच्या बसगाड्या कित्येकदा एकाच दिशेने फिरवतात. आयर्लंडच्या रिंग ऑफ केरी या द्वीपकल्पाला फेरी घालणाऱ्या रस्त्यावर त्या घड्याळाच्या उलट जातात. तुम्ही त्यांच्याच दिशेने गेलात तर त्यांच्या मागे रखडाल, उलट गेलात तर वळणावर त्या समोर येतील. मला पहिला त्रास परवडतो. नव्या चालकाने तोच पत्करावा, आणि बसगाड्यांच्या तासभर आधी निघावं.

पाण्याचं वेळापत्रक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कुणी गेल्या रविवारी गेलं होतं आणि त्याला दुपारी बाराला मोकळी वाळू मिळाली, याचा तुम्हाला या रविवारी काही उपयोग नाही.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतंही. खडकांतली डबकी, त्यातले शंखशिंपले, तारामासे, खेकडे बघायचे असतील तर या दिवसांची ओहोटी पकडा. पाण्याच्या काठाने चालत पलीकडच्या पुळणीवर जायचा बेत असेल, तर याच दिवसांत सगळ्यात जास्त सांभाळा. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा चढ-उतारातला फरक कमी असतो.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे नवख्यांना ठाऊक नसतं. चढाचे बारा भाग कल्पा. पहिल्या तासात एक भाग येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी येतं. ओहोटीनंतरचा पहिला तास इतका निवांत वाटतो की माणूस बेसावध होतो. खडकाला वळसा घालून पलीकडे जायचं असेल, तर ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. पलीकडे कितीही छान असलं तरी.

वेळापत्रक त्या ठिकाणाच्या सर्वांत जवळच्या बंदराचं घ्या. शंभर किलोमीटरच्या टापूतही वेळ बरीच बदलू शकते, खाडीच्या आत तर आणखी उशिरा. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करणाऱ्या देशात असाल, तर तक्त्यातली वेळ कोणती धरली आहे ते तपासा. छापील तक्त्यांत पुष्कळदा मूळ प्रमाणवेळ असते. आणि तक्त्यातले आकडे शांत हवामानाचे असतात. वादळी वाऱ्यात पाणी त्याहून वर येतं.

भरतीचा फरक सगळीकडे सारखा नसतो. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरपर्यंत जातो. तिथल्या होपवेल रॉक्सपाशी ओहोटीला लोक समुद्राच्या तळावरून फिरतात आणि काही तासांनी त्याच खडकांभोवती छोट्या होड्या फिरतात. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी फरक इतका थोडा असतो की तक्ता न बघता गेलात तरी चालतं. इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर भरतीची काळजी नाही, काळजी आहे ती रहदारीची. तो रस्ता इतका अरुंद आहे की हंगामातल्या ठरावीक दिवशी गाडीच्या नंबराच्या सम-विषम आकड्यावरून प्रवेश मिळतो.

काही रस्तेच पाण्याखाली जातात. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाचा रस्ता आणि फ्रान्समधला नुआर्मूतिए बेटाकडे जाणारा पासाज द्यु ग्वा, दोन्ही दिवसातून दोनदा बुडतात. सुरक्षित वेळा तिथे फलकावर लावलेल्या असतात, तरी गाड्या अडकतातच. रस्त्यावर पाणी दिसायला लागलं असेल तर ‘एवढंसंच तर आहे’ म्हणून गाडी घालू नका. ओलांडायचं असलं तर दिलेल्या वेळेच्या मध्यावर ओलांडा, शेवटच्या दहा मिनिटांत नको.

ऊन, वारा, धुकं

पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सूर्य पाण्यातून उगवतो. दुपारनंतर तो तुमच्या पाठीशी येतो आणि समुद्र गडद निळा दिसायला लागतो. पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर याच्या उलट: सकाळचं ऊन पाठीवर, म्हणून पाण्याचा रंग सकाळी खुलतो, दुपारी समोरची चकाकी डोळे दिपवते, संध्याकाळी सूर्यास्त. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत देखणं निळं पाणी असलेली जागा सकाळी घ्या आणि सूर्यास्ताची शेवटी. सोपं आहे, पण यादी बहुधा नकाशावरच्या क्रमाने होते आणि दोन्ही वेळा चुकतात.

संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून गाडी चालवायची वेळ येत असेल तर तासभर सूर्य थेट काचेत असतो. त्या तासात गाडी थांबलेलीच असू द्या.

वारा बहुतेक ठिकाणी सकाळी पडलेला असतो. जमीन तापली की समुद्रावरून वारा वाहायला लागतो आणि दुपारी जोर धरतो. वाळूत बसून खाणं, मुलांचं पाण्यात खेळणं, होडीची छोटी फेरी, हे दुपारच्या आत उरका. वाऱ्यात आणखी एक फसगत होते: अंग गार लागतं, म्हणून ऊन जाणवत नाही. रात्री मान आणि पायांचे पंजे होरपळलेले सापडतात. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं, ढगाळ असलं तरीही.

थंड प्रवाहाच्या किनाऱ्यांवर धुकं हा नेहमीचा पाहुणा. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यातल्या सकाळी समुद्र दिसतच नाही असं पुष्कळदा होतं, आणि दुपारपर्यंत तेच आकाश लख्ख होतं. धुकं असेल तर पहिला तास आतल्या गावात, बाजारात, संग्रहालयात घालवा. चालवावंच लागलं तर दिवे खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो.

आदल्या रात्री

रस्ता उघडा आहे ना, ते सरकारी संकेतस्थळावर बघा. कडे कोसळतात, म्हणून किनाऱ्याचे रस्ते बंद होतात, कधी दिवसभर तर कधी वर्षभर. कॅलिफोर्नियाच्या बिग सर भागात मे २०१७ मध्ये मड क्रीकला डोंगर घसरून हायवे १ गाडला गेला, तो जुलै २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात नकाशावरची सुंदर वळणावळणाची रेघ तशीच होती.

वाटेत फेरीबोट असेल तर शेवटच्या फेरीची वेळ आणि रांगेचा अंदाज लिहून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालायला दीड-दोन तास सहज जातात.

ऑफलाइन मॅप उतरवून घ्या. भूशिराच्या मागे गेलं की रेंज जाते. परदेशात असाल तर आणीबाणीचा नंबर पाठ हवा, युरोपात ११२. पेट्रोलची टाकी निम्म्याखाली येऊ देऊ नका. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चढउतार आणि वारा धरून पल्ल्यातले २० टक्के वजा करा आणि चार्जिंगची जागा जेवणाच्या जागेजवळ शोधा. टायर, ब्रेक, स्टेपनी बघून घ्या. काच धुण्याचं पाणी काठोकाठ भरा. खारट तुषार सुकून काचेवर जो पांढुरका थर बसतो तो दिवसभर जाणवत नाही, पण सूर्य समोर आला की पुढचं काहीच दिसत नाही.

सामान थोडंच: दोन टॉवेल, कपड्यांचा एक जादा जोड, जाकीट, रबरी तळाचे बूट, टोपी, भरपूर पाणी, प्रथमोपचाराची पेटी, जुनी चादर, पाय धुवायला पाच लिटरचा कॅन. दुर्बीण असेल तर नक्की घ्या, तिचं काम पुढे सांगतो. ड्रोन घरी राहू दे. परवानगीची भानगड आणि घरट्यांवरच्या पक्ष्यांना त्रास, दोन्ही टळतात.

गाडी लागणारं कुणी असेल तर गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नव्हे. त्यांना पुढे बसवा, फोन काढून घ्या, नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. चालकाला सहसा गाडी लागत नाही. हा लोभ दाखवून कुणाला चालवायला बसवू मात्र नका.

प्रत्यक्ष रस्त्यावर

उजाडताना निघा. पार्किंग मोकळं असतं, वारा नसतो, आणि पहिला मोठा थांबा गर्दी व्हायच्या आत आटोपतो.

चालकाने समुद्र बघायचा नाही. हे वाचायला सोपं आहे. दृश्य उघडतं नेमकं वळणावर आणि मान आपोआप वळते. त्यावर उपाय एकच: थांबे पुरेसे ठेवा, म्हणजे बघायची भूक चालताना भागवावी लागत नाही. दोघं चालवणारे असतील तर दर तासाला बदला. शेजारी बसणाऱ्याकडे नकाशा, घड्याळ आणि ‘पुढचा थांबा ५०० मीटरवर, तुझ्या बाजूला’ असं सांगायचं काम.

उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका. गियर कमी करून इंजिनच्या जोरावर गाडी धरा, ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोडवर. आंधळ्या वळणाआधी वेग उतरवा, वळणात नाही. मागे गाड्या साचल्या तर पुढच्या मोकळ्या जागेत बाजूला घ्या आणि त्यांना जाऊ द्या. कॅलिफोर्नियात दुपदरी रस्त्यावर मागे पाच किंवा जास्त गाड्या जमल्या तर बाजूला होणं कायद्यानेच बंधनकारक आहे. कायदा नसला तरी व्हा. मागचा माणूस रोजच्या कामाला निघालेला असू शकतो.

एकाच गाडीपुरता रस्ता असेल, जसा स्कॉटलंडच्या उत्तरेत ठिकठिकाणी आहे, तर थोड्या-थोड्या अंतरावर बाजू द्यायच्या जागा केलेल्या असतात. जागा तुमच्या बाजूला असेल तर आत घ्या. पलीकडच्या बाजूला असेल तर तिच्यासमोर थांबा आणि येणाऱ्याला तीत शिरू द्या. या जागा पार्किंगसाठी नाहीत, फोटोसाठी तर नाहीतच.

थांबायचं ते आखलेल्या जागेत. वळणावर, पुलावर, अर्धी गाडी रस्त्यावर ठेवून कधीही नाही. उतारावर हँडब्रेक लावा, गियरमध्ये ठेवा, पुढची चाकं कडेच्या दिशेला वळवून ठेवा. दार उघडण्यापूर्वी आरशात बघा, आणि वारा असेल तर दार हाताने धरून उघडा. सोसाट्यात दाराची बिजागरी वाकते आणि भाड्याच्या गाडीत त्याचा भुर्दंड तुम्हालाच. पिशव्या डिकीत ठेवायच्या त्या आधीच्या थांब्यावर. पोचल्यावर सगळ्यांदेखत डिकीत कॅमेरा ठेवून कड्याकडे चालू लागणं म्हणजे चोराला पत्ता देणं.

वाळूत गाडी घालायचा मोह आवरा. बहुतेक भाडेकरारांत त्याला मनाई असते, पुष्कळ किनाऱ्यांवर कायद्यानेही असते. चाक रुतलंच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, ते आणखी खाली जातं. चाकापुढची वाळू हाताने उपसा, हवा थोडी कमी करा आणि हळू बाहेर काढा. पाणी चढतं आहे का, यावर एकाने लक्ष ठेवायचं.

वाटेत बघायचं काय

गाजलेल्या ठिकाणांची माहिती कुठेही मिळते, ती इथे देत नाही. रस्त्याकडेचं बघायला नजर कशी लावायची, ते सांगतो.

समुद्रातले एकटे उभे खांब दिसले तर शेजारचं भूशिर बघा. लाटा भूशिराला दोन्ही बाजूंनी खातात, आधी गुहा होते, गुहा आरपार झाली की कमान, कमानीचं छत पडलं की खांब. एकाच किनाऱ्यावर या सगळ्या अवस्था शेजारी-शेजारी सापडू शकतात, मुलांना शोधायला सांगा. हे जुन्या काळातलं काहीतरी नाही, आजही चालू आहे. ग्रेट ओशन रोडवरच्या लंडन ब्रिज नावाच्या कमानीचा किनाऱ्याला जोडणारा भाग जानेवारी १९९० मध्ये कोसळला आणि पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. माल्टाची अझूर विंडो ही कमान मार्च २०१७ च्या वादळात पूर्ण गेली. कमानीवर चढून फोटो का काढायचा नाही, याचं उत्तर त्यातच आलं.

दीपगृह दिसलं तर वळा. प्रत्येकाच्या उजेडाची लय वेगळी असते: किती सेकंदांनी किती झोत. त्यावरून रात्री खलाशी जागा ओळखतो, आणि दिवसा ओळखावी म्हणून अंगावर पट्टे रंगवलेले असतात. वरची भिंगं बघायला मिळाली तर सोडू नका. काचेच्या कड्या-कड्यांचं हे भिंग फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचं, ते पहिल्यांदा १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात बसवलं गेलं. स्पेनच्या आ कोरुन्यातला हर्क्युलिसचा मनोरा तर मूळ रोमन काळातला आणि त्याचा दिवा अजून लागतो. दीपगृहं लवकर बंद होतात, तेव्हा त्यांना दुपारच्या आतला वेळ द्या.

रस्त्याच्या कडेला गोल, बुटके, जाड भिंतींचे बुरूज दिसले, आणि तुम्ही इंग्लंड किंवा आयर्लंडच्या किनाऱ्यावर असाल, तर ते बहुधा मार्टेलो टॉवर. नेपोलियनच्या स्वारीच्या धास्तीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेले. खुद्द रस्त्यालाही इतिहास असतो. ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात खोदला, आपल्या मृत साथीदारांचं स्मारक म्हणून. हे ठाऊक असलं की त्या रस्त्यावरची स्मारक-कमान नुसती फोटोची जागा राहत नाही.

उंच जागी पोचलात की हा हिशेब करून बघा. डोळ्याची उंची मीटरमध्ये धरा, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. क्षितिज तितके किलोमीटर दूर आहे. वाळूत उभं राहिलं तर साडेचार किलोमीटरच्या आसपास. १०० मीटरच्या कड्यावरून ३६. मग दूरच्या जहाजाचं फक्त वरचं टोक का दिसतं, ते कुणाला समजावावं लागत नाही.

दुर्बीण इथे कामी येते. देवमासा शोधायचा तर अंग शोधू नका, फवारा शोधा. दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मानुसला साधारण जून ते नोव्हेंबरमध्ये राइट व्हेल किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात की गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहिलं तरी दिसतात, होडी लागत नाही. पाण्यावर पक्ष्यांचा गोंधळ दिसला की खाली मासळीचा थवा असतो आणि त्यामागे कोणीतरी मोठं.

मासेमारीच्या धक्क्यावर पहाटे जा, त्यानंतर तिथे बघण्यासारखं फारसं उरत नाही. वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका, माणसांचे फोटो विचारून काढा, दोरखंडांच्या वाटेत उभे राहू नका. ते लोक कामावर आहेत.

कडा आणि लाट

कुंपण नसलं तरी कड्याच्या टोकापासून आपल्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा. वरचं गवत पुष्कळदा पोकळीवर लोंबत असतं आणि वरून ते कळत नाही. कड्याच्या पायथ्याशीही चादर पसरू नका. तिथे ताजे, टोकदार दगड पडलेले दिसले तर ते वरूनच आलेले आहेत.

पाण्याकडे पाठ करू नका. शांत लाटांच्या रांगेत मध्येच एखादी खूप वरपर्यंत चढते. आइसलँडच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर अशा लाटांनी माणसं ओढून नेली आहेत आणि आता तिथे इशाऱ्याचे दिवे लावले आहेत. खडक ओला दिसतो का, ते बघा. ओला असेल तर लाट तिथवर येते. कोरड्यावर उभे राहा आणि पाच मिनिटं नुसतं निरीक्षण करून मगच पुढे व्हा.

पोहायचं तर जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. फुटणाऱ्या लाटांच्या मध्येच एखादा पट्टा गडद आणि शांत दिसतो, नवख्याला तीच जागा बरी वाटते. बहुधा तो रिप करंट असतो, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत जात असतं. त्यात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात हलवून मदत मागा, शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या आणि मग लाटांबरोबर परत. बुडणाऱ्याला वाचवायला स्वतः उडी मारण्याआधी त्याच्याकडे तरंगणारं काहीतरी फेका आणि मदतीला फोन लावा.

संध्याकाळ आणि परतणं

सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी शेवटच्या जागी पोचा, कारण पार्किंग शोधण्यात वीस मिनिटं जातात. सूर्य बुडाला की लोक लगेच उठतात आणि एकदम बाहेर पडायची कोंडी करतात. तुम्ही बसा. आकाशाचा खरा रंग पुष्कळदा त्यानंतरच्या वीसेक मिनिटांत चढतो, आणि तोवर कोंडीही सुटते. फोटो काढायचा तर क्षितिज आडवं सरळ धरा आणि चौकटीत एखादा माणूस येऊ द्या, नाहीतर कड्याची उंची कळत नाही.

निघण्याआधी समोरची काच आतून-बाहेरून पुसा, दिवे पुसा, पायांची वाळू कॅनमधल्या पाण्याने धुवा. पेडलवर वाळू भरलेला ओला बूट घसरतो. परतीला आतला रस्ता धरा. डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपा, खिडकी उघडून गाणी लावल्याने झोप जात नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गोड्या पाण्याने धुवा, वरून नव्हे तर खालून: चाकांच्या कमानी, चेसिस, ब्रेकच्या आसपास. खारं पाणी आणि वाळू तिथेच साचते आणि तिथूनच गंज धरतो. गाडी भाड्याची असेल तर परत देण्याआधी गालिचे झटका आणि डिकी उघडून बघा. शंख, ओले टॉवेल आणि मुलांनी लपवलेला खेकडा तिथेच सापडतो.